पार्किंगमागच्या रुईवर कोण कोण राहतं?

तिसरा_मजला | १२ जुलै, सकाळी ११:०४

मागच्या नोव्हेंबरात गुडघा बदलला आणि टेकडी बंद झाली. डॉक्टर म्हणाले सपाट जागी चाला, म्हणून सोसायटीच्या आवारात फेऱ्या सुरू केल्या. अकरा फेऱ्या झाल्या की जीव विटतो. एका सकाळी बाराव्या फेरीला पंपाच्या खोलीमागे रुई आहे तिथे कठड्यावर टेकले, आणि ती बारावी फेरी अजून पुरी व्हायची आहे.

ही रुई कोणी लावलेली नाही. कंपाउंडची भिंत आणि काँक्रीट यांच्यामधल्या फटीतून आपली आपण आलेली, माझ्या खांद्याएवढी. मुलाने फोनला लावायची चिमट्याची मॅक्रो लेन्स आणून दिली होती, ४०० रुपयांची. तेवढ्यावर हे सगळे फोटो आहेत, त्यामुळे कडा धूसर दिसतील. सांभाळून घ्या.

फोटो १ ते ४ बिबळ्या कडवा या फुलपाखराचे. अंडं खसखशीच्या दाण्याएवढं, पानाच्या खालच्या बाजूला, एका जागी एकच. मी ज्यांच्यावर पाळत ठेवली त्या अंड्यांतून तिसऱ्या-चौथ्या दिवशी अळ्या निघाल्या. पहिलं जेवण म्हणजे स्वतःच्याच अंड्याचं टरफल! पुढे ती काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांची होते आणि पाठीवर मऊ शिंगांच्या तीन जोड्या येतात. मला सगळ्यात गंमत वाटली ती तिच्या जेवायच्या पद्धतीची. रुईचं पान खुडलं की पांढरा चीक भळाभळा वाहतो, तुम्हाला माहीत आहेच. त्या चिकात अळीचं तोंड चिकटून बसेल. म्हणून मोठी अळी पान खायच्या आधी मधली शीर चावून ठेवते. चीक तिथेच गळून जातो, पुढचं पान खाली झुकतं, आणि मग बाईसाहेब निवांत टोकाकडून सुरुवात करतात. नळ दुरुस्त करायच्या आधी मेन कॉक बंद करावा तसं. फोटो ३ मध्ये चावलेल्या जागी चिकाचा थेंब दिसतोय. त्यासाठी चार सकाळी गेल्या.

अळी शोधायची तर अळी शोधू नका. खालच्या पानांवर मोहरीएवढ्या काळ्या लेंड्या दिसतात का बघा, आणि तिथून सरळ वर नजर न्या.

फोटो ५ पिवळ्याधमक माव्याचा, म्हणजे झाडाचा रस शोषणाऱ्या बारीक किड्यांचा. पाय तेवढे काळे. कोवळ्या शेंड्यावर नुसता खच असतो. यांच्यात सगळ्या माद्याच. नराची गरज नाही, अंडीही नाहीत, थेट पिल्लं. एक पिल्लू बाहेर येताना बघत बसले आणि चहा थंड झाला. त्यांच्यातच काही तपकिरी, फुगलेले, न हलणारे मावे दिसतील. झूम केलंत तर पाठीला कंपासने काढल्यासारखं गोल भोक आहे. एका बारीकशा गांधीलमाशीने जिवंत माव्यात अंडं घातलं होतं, तिच्या पिल्लाने मावा आतून खाल्ला आणि दार पाडून ते निघून गेलं. ही माशी मला अजून प्रत्यक्ष दिसलेली नाही, फक्त तिची भोकं दिसतात.

फोटो ६ पुन्हा बिबळ्या कडवा, मादी. फोटो ७ रुईवरचा नाकतोडा, पिवळ्यावर निळे-हिरवे पट्टे, लग्नातल्या बँडवाल्यासारखा. याच्या पिल्लाला मी काडीने ढोसलं (नको होतं ढोसायला) तर त्याने अंगातून पिचकारी मारली. फोटो ८ भुंग्याचा, मागच्या पायाला पिवळे कण अडकलेत. रुईचे परागकण सुटे नसतात. गठ्ठ्याने, क्लिप लावल्यासारखे पायाला अडकतात आणि भुंगा ते दुसऱ्या फुलात नेऊन अडकवतो.

कोष मात्र रुईवर सापडेना. अळी मोठी झाली की चालत कुठेतरी निघून जायची. शेवटी एक सापडला तो एका लुनाच्या मडगार्डखाली. ती लुना आमच्याकडे वर्षानुवर्षं कोणी हलवलेली नाही, त्यामुळे निश्चिंत आहे. हिरवा, वर सोनेरी ठिपक्यांची ओळ. उलटा टांगलेला आहे.

तुमच्या आवारात काय आहे ते लिहा. लांबच्या जंगलातलं नको, चपला घालून दोन मिनिटांत जाता येईल असं.

कडू_कारलं | १२ जुलै, दुपारी १२:३१

वाचनखूण साठवली. आमच्या आवारात रुई नाही, फक्त सेक्रेटरी आहेत. पिचकारी तेही मारतात.

शार्प_शूटर | १२ जुलै, दुपारी १:१५

ताई, निरीक्षण छान, पण फोटो हललेत. एक युक्ती सांगतो. किडा डबीत घालून १० मिनिटं फ्रिजमध्ये ठेवायचा. गारठला की हलत नाही. मग हव्या त्या फुलावर ठेवा आणि स्प्रेने पाणी मारा, दव पडल्यासारखं दिसतं. माझे स्पर्धेत गेलेले निम्मे फोटो असेच आहेत. पाच मिनिटांत किडा उडून जातो, त्याला काही होत नाही.

तिसरा_मजला | १२ जुलै, दुपारी ३:४०

शार्प_शूटर, फोटो हललेत हे कबूल. फ्रिजचं मात्र मला जमणार नाही. किड्याला त्रास होतो की नाही हा वाद बाजूला ठेवू. माझ्या अळीला मी फ्रिजमधून काढून गुलाबावर ठेवलं, तर तो फोटो बघणाऱ्याला काय कळेल? की ही अळी गुलाबावर असते. मी ती शीर चावताना पकडली कारण ती रुईवर होती आणि तिला भूक लागली होती. गारठलेली अळी शीर चावत नाही.

आणि गारठाच हवा असेल तर सकाळी सहाला खाली या. किडे आपणच गारठलेले असतात, दवही खरं असतं. फ्रिज उघडायचाही त्रास नाही.

शार्प_शूटर | १२ जुलै, दुपारी ३:५२

सकाळी सहाला उठणं हाच तर खरा अत्याचार आहे. असो, तुमचा मुद्दा कळला. गोगलगायीवर बसलेला बेडूक वगैरे फोटो बघितले की मलाही हसू येतंच.

जुनी_लेन्स | १२ जुलै, रात्री ९:२०

फोटो का हलतात ते सांगतो, कारण दोष बहुतेक हाताचा नसतो. इतक्या जवळून फक्त मिलिमीटरभर खोलीचा पट्टा स्पष्ट येतो. पान वाऱ्याने तेवढं हललं की संपलं. डाव्या हाताच्या दोन बोटांत फांदी धरा आणि फोन धरलेल्या हाताचं मनगट त्याच डाव्या हातावर टेकवा. म्हणजे हललं तर दोन्ही एकत्र हलेल. स्क्रीनवर बोट दाबून फोकस शोधत बसू नका. फोकस कायम करून ठेवा आणि स्वतः केसभर मागेपुढे व्हा. बर्स्ट लावा, म्हणजे एका दमात भराभर फोटो निघतात. वीसातला एक चांगला येतो, बाकी पुसायचे. माझेही वीसातले एकोणीस पुसलेलेच असतात.

किड्याचा डोळा स्पष्ट आला की बाकी धूसर असलं तरी चालतं. पाय स्पष्ट आणि डोळा धूसर, असा फोटो वाया गेला समजा. आणि वरून खाली काढू नका, गुडघा वाकत नसेल तर कठड्यावर बसून किड्याच्या पातळीला या. वरून काढलेला किडा पासपोर्टच्या फोटोसारखा दिसतो.

ज्यांच्याकडे कपाटात जुना कॅमेरा पडलाय त्यांनी लेन्स उलटी लावून बघा. रिव्हर्स रिंग थोड्या पैशांत मिळते. फिल्मच्या काळातली ५० मिमी लेन्स असेल, जिच्यावर अ‍ॅपर्चर फिरवायची (म्हणजे उजेड आत येतो ते भोक लहानमोठं करायची) रिंग असते, तर उत्तमच, कारण उलटी लावल्यावर कॅमेऱ्याचा लेन्सशी संबंध तुटतो आणि अ‍ॅपर्चर हातानेच लावावं लागतं. ८ ते ११ च्या आसपास ठेवा. मग उजेड कमी पडतो, फ्लॅश लागतो, आणि नुसत्या फ्लॅशने भुंगेऱ्याची पाठ स्टीलच्या वाटीसारखी चमकते. फ्लॅशपुढे बटर पेपर लावा. मी चिप्सचा उंच गोल डबा कापून त्याच्या तोंडाला बटर पेपर चिकटवलाय. बायको म्हणते चिप्स खायला निमित्त.

डोळस | १३ जुलै, सकाळी ७:४८

धागा आवडला, पण एक इशारा द्यायलाच हवा, रोजचा धंदा तोच आहे. रुईचा चीक डोळ्यात जाऊ देऊ नका. फांदी हातात धरायची म्हटली की बोटाला चीक लागतो, घाम येतो, माणूस डोळा चोळतो. पेशंट येतात ते बहुतेक पूजेसाठी रुईची पानं-फुलं तोडणारे. फसवा भाग असा की या चिकाने डोळा बधिर होतो, म्हणून इजा होऊनही फारसं दुखत नाही. दुसऱ्या दिवशी धुरकट दिसायला लागलं की मग धावपळ. चीक गेलाच तर लगेच भरपूर स्वच्छ पाण्याने बराच वेळ डोळा धुवा आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जा. दूध, मध, तूप काही घालू नका. काटा मोडला की रुईचा चीक लावायची गावाकडे पद्धत आहे, ती पायापुरती ठेवा.

तिसरा_मजलाताई, चष्मा घालूनच बसा आणि नंतर हात साबणाने धुवा.

पाणकणीस | १३ जुलै, सकाळी ८:३३

न्यू जर्सीहून लिहितेय. तुमचा फोटो ५ बघून ओरडलेच, कारण हाच पिवळा मावा काळ्या पायांसकट माझ्या परसात आहे! इथे रुई नाही, पण तिच्याच कुळातलं मिल्कवीड आहे. तोडलं की तसाच पांढरा चीक. त्यावर मोनार्क फुलपाखराच्या अळ्या येतात आणि त्याही तशाच पट्टेरी, पान खायच्या आधी शीर तोडणाऱ्या. मोनार्क आणि तुमचा बिबळ्या एकाच प्रजातीसमूहातले, चुलत बहिणीच म्हणा. ओळखायची सोपी खूण म्हणजे मोनार्कच्या अळीला शिंगांच्या दोनच जोड्या, बिबळ्याला तीन.

फरक उन्हाळा संपताना कळतो. इथली सप्टेंबरची पिढी मेक्सिकोच्या डोंगरांतल्या जंगलांत उडत जाते. आधी कधीच न बघितलेल्या ठिकाणी! माझ्या कुंडीवर वाढलेली एखादी तिथवर पोचली असेल का, हे कळायला मार्ग नाही. मी मात्र सासरी पाठवणी केल्यासारखी दारात उभी राहते.

ज्यांच्याकडे रुई नाही त्यांच्यासाठी: नर्सरीत हळदीकुंकू नावाचं झाड मिळतं, लाल-पिवळ्या फुलांचं. ते मिल्कवीडच आहे, मूळचं अमेरिकेकडचं. आईने डोंबिवलीच्या गॅलरीत कुंडीत लावलंय आणि तिच्याकडे बिबळ्या येऊन अंडी घालून जातो.

ठिपका | १३ जुलै, सकाळी १०:१०

हळदीकुंकू नावाचं फुलपाखरूही आहे आणि ते हळदीकुंकवावर अंडी घालत नाही. मराठीत नावं ठेवणाऱ्यांनी एकदा बसून बोलायला हवं होतं.

तिसरा_मजला, एक दुरुस्ती. फोटो ६ बिबळ्या कडवा नाही. मागचे पंख नीट बघा. बिबळ्याच्या मागच्या पंखावर मध्यभागी काळे ठिपके असतात, मादीला तीन, नराला चार, आणि नराचा चौथा ठिपका मोठा, आत पांढरट. तुमच्या फोटो ६ मध्ये मध्यभाग कोरा आहे, फक्त वरच्या कडेला एक डाग आहे. ही छोटा चांदवाची मादी. बिबळ्या रुई खाऊन कडू होतो, पक्षी एकदा चोच मारून पुन्हा नाद करत नाहीत. चांदवाच्या मादीने तोच नारिंगी-काळा पोशाख घातलाय, पण आतून ती कडू नाही. तिच्या अळ्या घोळ खातात. हो, तीच आपली भाजीतली घोळ. नर बघाल तर ओळखणारही नाही, काळाभोर, पांढरे चांद आणि भोवती निळी झाक.

तुमच्या आवारात कुठेतरी घोळ उगवली असणार. शोधा.

तिसरा_मजला | १३ जुलै, सायंकाळी ६:२५

ठिपका, तुम्हाला काय म्हणू! दोन महिने मी तिला बिबळ्या समजून फोटो काढतेय. पक्षी फसले तर फसले, मीही फसले. घोळ मिळाली, लिफ्टच्या मागे ड्रेनेजच्या झाकणाशेजारी. अळी नाही अजून. डोळस, चष्मा लावला, हातही धुतले.

घरकोंबडी | १४ जुलै, रात्री १०:५५

माझं बाळ तीन महिन्यांचं आहे, मला दोन मिनिटांत चपला घालणंही जमत नाही. पण रात्री पाजताना समोरच्या भिंतीवर एक गोष्ट बघते. काकडीच्या बीच्या आकाराचं, राखाडी, चपटं, धुळीचं बनलेलं. आधी वाटलं भिंतीचा पोपडा. मग ते चाललं! एका टोकाने डोकं बाहेर येतं, कधी कधी दुसऱ्या टोकानेही. सासूबाई म्हणतात झाडून टाक, चावतं. काय आहे हे? फोटो लावलाय, अंधारात काढलाय.

ठिपका | १४ जुलै, रात्री ११:२०

चावत नाही, काळजी नको. ही एका छोट्या पतंगाची अळी, कपड्यांना लागणाऱ्या कसरीच्या नात्यातली. स्वतःच्या रेशमाची पिशवी विणून तिला बाहेरून वाळू, धूळ, चुन्याचे कण चिकटवते आणि घर पाठीवर घेऊन फिरते. पिशवी दोन्हीकडून उघडी, म्हणून डोकं कुठूनही निघतं. कोळ्यांची जुनी जाळी, गळलेले केस, लोकरीचे धागे हे तिचं खाणं. म्हणजे ती फार दिसत असेल तर छताचे कोपरे झाडायचे राहिलेत इतकंच. (सासूबाईंना हे शेवटचं वाक्य दाखवू नका.)

फोटोसाठी फोनचा फ्लॅश नको. दुसऱ्या फोनचा टॉर्च भिंतीला अगदी लागून, बाजूने मारा. पिशवीवरची कणनकण रचना दिसेल.

घरकोंबडी | १५ जुलै, पहाटे ३:१२

बाजूने टॉर्च मारला. अगं बाई! वाळूचे खडे दागिन्यासारखे दिसतायत. बाळ झोपलं, मी जागी.

बांधावरचा | १६ जुलै, रात्री ८:४०

मी यवतमाळकडचा, कापूसवाला. शहरातली माणसं माव्याचा फोटो हौसेने काढतात हे वाचून गंमत वाटली. आमच्याकडे मावा दिसला की पंप पाठीवर.

पण एक सांगतो. माझी पोरगी नववीत आहे, तिने फोनवर कपाशीच्या पानांचे फोटो काढायला सुरुवात केली. एका फोटोत काळी, नारिंगी ठिपक्यांची, सुसरीसारखी दिसणारी अळी. मी म्हटलं हीच पान खातेय. ती म्हणाली, बाबा थांबा, पुढचे फोटो बघा. पुढच्यात त्या अळीच्या तोंडात मावा. लेडीबर्ड भुंगेऱ्याचं पिल्लू होतं ते. मोठा भुंगेरा सगळे ओळखतात, गोल, रंगीत. पिल्लू कोणी ओळखत नाही, आणि मावा जास्त तेच खातं. इतकी वर्षं मी त्याला शत्रू समजून मारत होतो.

दुसरा फोटो बारीक पांढऱ्या केसांवर टोचलेल्या अंड्यांचा. टाचण्या उभ्या रोवल्यासारख्या. मला बुरशी वाटली. ती क्रायसोपा नावाच्या किड्याची अंडी निघाली, तोही मावा खाणारा. आता फवारणीच्या आधी पोरगी दहा झाडं बघते, मावा किती आणि खाणारे किती, वहीत लिहिते. दोन वेळा फवारणी थांबवली. तिसऱ्या वेळी थांबवली नाही, कारण तेव्हा खरंच गरज होती. हेही सांगायला पाहिजे.

तिसरा_मजला | २२ जुलै, दुपारी १२:०५

वाईट बातमी. सोसायटीच्या ग्रुपवर कोणीतरी लिहिलं, “पार्किंगमागे आळ्या झाल्यात, मुलं खेळतात.” काल औषधवाला आला आणि मी बँकेत असताना रुईसकट सगळीकडे फवारून गेला. संध्याकाळी खाली गेले तेव्हा मावा काळा पडलेला, तीन अळ्या जमिनीवर, लेडीबर्डचं एक पिल्लू उलटं. नाकतोडा सापडला नाही, उडून गेला असं समजते.

लुनाखालचा कोष तेवढा वाचलाय, बहुतेक. गडद व्हायला लागलाय.

कडू_कारलं | २२ जुलै, दुपारी १२:४०

वाईट वाटलं. पण दुसरी बाजूही मांडतो, रागावू नका. आमच्या विंगमध्ये दोघांना डेंगी झाला मागच्या पावसाळ्यात. अशा वेळी कमिटीवर दबाव येतो, “काहीतरी करा” म्हणून. फवारा दिसतो, म्हणून फवारा मारतात.

तिसरा_मजला | २२ जुलै, दुपारी १:३०

रागावत नाही. पण डेंगीचा डास रुईवर नाही, साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. पंपाच्या खोलीच्या छतावर टायर पडलाय, त्यात पाणी आहे आणि पाण्यात वळवळणाऱ्या अळ्या आहेत. त्याचाही फोटो काढलाय मी आणि ग्रुपवर टाकलाय. रुई फवारली, टायर तसाच. आज मी वॉचमनकाकांना सांगून तो उलटा करवला.

तिसरा_मजला | २४ जुलै, सकाळी ९:१०

कोषातून फुलपाखरू नाही आलं. एक पांढरा, चिकट धागा लोंबला आणि त्याला धरून एक गुबगुबीत पांढरी अळी खाली उतरली. मागोमाग अजून दोन. फोटो ११. आता हे फवारणीमुळे का?

ठिपका | २४ जुलै, सकाळी ९:५५

नाही. ही टॅकिनिड माशीची पिल्लं. घरमाशीसारखीच दिसते, अंगावर राठ केस असतात. अळी लहान असतानाच तिच्यात यांचा शिरकाव झालेला असतो. अळी खात राहते, वाढते, कोषही करते, आणि मग आतून हे निघतात. ही पिल्लं आता मातीत शिरून लालसर दाण्यासारखे कोष करतील. डबीत थोडी माती घालून ठेवा, जाळी लावा. आठ-पंधरा दिवसांत माशी बघायला मिळेल.

मला ठाऊक आहे तुम्ही फुलपाखराची वाट बघत होतात.

तिसरा_मजला | २४ जुलै, सकाळी १०:३०

बघत होते. तासभर खाली गेलेच नाही. मग डबी घेऊन गेले.

शनिवारचा_हार | २७ जुलै, रात्री ७:१५

आमचं घर मारुतीच्या देवळाला लागून. शनिवारी रुईच्या पानांचे हार इतके येतात की रविवारी सकाळी निर्माल्याचा ढीग कमरेएवढा. हा धागा वाचून आज पहिल्यांदा तो ढीग उलथापालथा केला. साधारण चाळीस हारांत दोन अंडी आणि एक नखाएवढी अळी मिळाली. सुकलेल्या पानावर ती काही जगली नसती. माझ्या गल्लीच्या तोंडाशी रुई आहे, पानाच्या तुकड्यासकट तिथे टाचणीने लावून आलो. पुजारीकाका बघत होते. त्यांना वाटलं मी काही तोडगा करतोय.

पण माझा प्रश्न असा: इतकी पानं तुटतात आणि अंडी इतकी कमी कशी?

तिसरा_मजला | २ ऑगस्ट, रात्री ९:००

शनिवारचा_हार, तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला मिळालं असं वाटतं.

आमच्या रुईची पानं न्यायला एक मावशी येतात, शनिवारी पहाटे. इतके दिवस मी साडेसहाला उतरायचे तेव्हा त्या जाऊन चुकलेल्या असायच्या. फक्त देठांतून चीक गळताना दिसायचा आणि मी मनातल्या मनात चरफडायचे, की माझी अंडी नेली यांनी. आज साडेपाचला उतरले.

त्या प्रत्येक पान तोडायच्या आधी खालून अंगठा फिरवतात. विचारलं, हे कशाला? म्हणाल्या, “खरखरलं की सोडायचं. हाराला पान कोरं लागतं, देवाला काय किडकं घालायचं?” म्हणजे अंडं बोटाला लागलं की ते पान झाडावरच राहतं. भोक पडलेलं नको, मावा लागलेलं नको, शेंड्याचं कोवळं तर नकोच कारण ते दोऱ्यात फाटतं. त्यांना नको असलेली सगळी पानं नेमकी माझ्या कामाची. चाळीस हारांत दोन अंडी म्हणजे कोणाचा तरी अंगठा दोनदाच चुकला.

त्यांना फोनवर अंड्याचा फोटो मोठा करून दाखवला. उभ्या रेघा, वर निमुळतं. बराच वेळ बघत राहिल्या. म्हणाल्या, “माझ्या चमकीच्या खड्यावानी दिसतंय की,” आणि नाकाला हात लावला. मग मला विचारलं, यातून तो वळवळ्या निघतो? शिंगंवाला? म्हणजे अळी त्यांना माहीत होती, अंडंही रोज अंगठ्याला लागत होतं, फक्त दोन्हींचं नातं माहीत नव्हतं. मला नातं माहीत होतं, अंगठा माहीत नव्हता.

डोळसांचा इशारा त्यांना सांगितला. हसल्या. चीक डोळ्यात गेलेल्या शेजारणीची गोष्ट त्यांनीच मला सांगितली.

बाकी हिशेब असा. फवारणीनंतर नवव्या दिवशी शेंड्यावर मावा परत आला. एकीने सुरुवात केली असणार, आज मोजायला बसले आणि दोनशेच्या पुढे सोडून दिलं. लेडीबर्ड अजून एकही नाही. खाणारे मेले, खाल्ले जाणारे आधी परतले. बांधावरचा, तुमच्या मुलीला सांगा, माझ्या वहीतही आता दोन रकाने आहेत.

डबीतल्या मातीतून आज दुपारी माशी निघाली. एकच. राखाडी, केसाळ, डोळे विटकरी. फोटो १४. जुनी_लेन्स, डोळा स्पष्ट आलाय का बघा.

जुनी_लेन्स | २ ऑगस्ट, रात्री ९:४८

आलाय. एकेक केस मोजता येतोय. मनगट टेकवलंत ना?

घरकोंबडी | ३ ऑगस्ट, पहाटे ४:०५

माशी सोडलीत की ठेवलीत?

तिसरा_मजला | ३ ऑगस्ट, सकाळी ७:३०

सोडली. रुईवरच बसली जाऊन.